मेलेली बुरशी विकू नका: जैविक बुरशी बनवणाऱ्या, विकणाऱ्या, तपासणाऱ्या आणि सुचवणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

बनवणाऱ्या कंपन्या, विकणारे डीलर, परवाना देणारे आणि नमुने तपासणारे अधिकारी, आणि "बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळा" असं सांगणारे सल्लागार (ट्रायकोडर्मा म्हणजे रोग करणाऱ्या बुरशांना मारणारी उपयोगी बुरशी), तुम्हा सगळ्यांना मिळून हे एकच पत्र लिहितेय. वेगवेगळी लिहून बघितली, प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं.

ट्रायकोडर्माच्या नव्या लॉटने माझी रोपं वाचली नाहीत, त्यातली बुरशी मेलेली वाटते, अशी मी तक्रार केली होती. मागच्या आठवड्यात ती बंद झाली. उत्तर एका ओळीचं, "वापरण्यात चूक झाली असावी." बस्स. पाकीट कोणी तपासलं नाही, लॉट नंबर विचारला नाही, मी जपून ठेवलेला नमुना न्यायला कोणी फिरकलं नाही. चूक माझी, हे मात्र न बघता ठरलं. गप्प बसले असते तर माझं काही अडत नव्हतं, पण मग पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला तरी हीच ओळ मिळणार, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

मी भाजीपाल्याची रोपवाटिका चालवते. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी. ट्रायकोडर्मा ११ वर्षं वापरतेय आणि तिच्यावर माझा विश्वास कोणाच्या भाषणाने बसलेला नाहीये, ट्रे बघून बसलाय. सुरुवातीला रोपं कोलमडायची, म्हणजे सकाळी हिरवीगार उभी असलेली रोपं दुपारी आडवी, खाली वाकून बघितलं की मातीलगतचं खोड पाण्यात भिजलेल्या दोऱ्यासारखं बारीक झालेलं असायचं, वरची पानं अजून हिरवीच आणि खालचा आधार गेलेला. एका रोपापासून सुरू व्हायचं आणि दोन दिवसांत ट्रेमध्ये गोल टक्कल पडायचं. मग कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, ट्रायकोडर्मा मिसळून दोनेक दिवस ओलसर ठेवायला लागले, पाणी कमी केलं, ट्रे जमिनीवरून उचलून स्टँडवर घेतले, आणि ते टक्कल पडणं जवळजवळ थांबलं. सगळं श्रेय बुरशीचं आहे असं मी म्हणणार नाही, पाण्याचाही वाटा होता. पण तिचा वाटा मला माहितीये, कारण पहिल्या वर्षी अर्धे ट्रे मी मुद्दाम तिच्याशिवाय केले होते.

या हंगामात नवीन लॉट आला. तीच कंपनी, तेच पाकीट, तेच प्रमाण, हात पण तेच. बाराव्या दिवशी टोमॅटोची रोपं झोपायला लागली. ९८ कप्प्यांच्या एकेका ट्रेमधून तीस-तीस, चाळीस-चाळीस रोपं गेली. ज्यांनी आगाऊ नोंदणी केली होती त्यांना फोन करून सांगावं लागलं की रोपं नाहीयेत, दुसरीकडे बघा. त्या फोनवर काय ऐकावं लागतं हे ऑफिसात बसून कळत नाही. त्यातल्या एकाने मला जे सांगितलं ते अजून डोक्यातून जात नाहीये, "ताई, बुरशीने बुरशी मरते असं कुठं असतं का, गंडवतात तुम्हाला."

खरी चीड मला त्या वाक्याची आहे, कारण बुरशीने बुरशी मरते! १९३२ मध्ये रिचर्ड वाइंडलिंग यांनी ट्रायकोडर्मा ही जमिनीतल्या दुसऱ्या बुरशांवर जगते हे दाखवून छापलं होतं. ती रायझोक्टोनिया या रोग करणाऱ्या बुरशीच्या धाग्याजवळ जाते, त्याला विळखा घालते, चिकटते, आणि कायटिनेज, ग्लुकॅनेज असली एन्झाइम सोडून त्याची भिंत विरघळवून आतलं खाते. सूक्ष्मदर्शकाखाली हे मी स्वतः बघितलंय, एका प्रशिक्षणात, जाड धाग्याभोवती बारीक धाग्याचे वेटोळे, अगदी वेल काठीला चढावा तसे. शिवाय ती मुळाच्या बाहेरच्या थरात घर करते, जागा आणि अन्न आधीच अडवून ठेवते, आणि तिच्या नुसत्या असण्याने झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होते, म्हणजे बुरशी मुळाशी आणि फायदा वर पानातसुद्धा.

आणि ही एकटीच नाहीये. ब्रिटनमध्ये जॉन रिशबेथ यांनी १९६३ मध्ये दाखवलं की पाइनचं झाड तोडल्यावर ताज्या बुंध्याला फ्लेबिओप्सिस नावाच्या बुरशीचे स्पोअर, म्हणजे बीजाणू, लावले की मूळकुजीच्या बुरशीला आत शिरायला जागाच उरत नाही, आणि युरोपातल्या जंगलांत ते आजही करतात. फ्रान्समध्ये शातोरनारला एक माती होती जिच्यात मर रोगाची बुरशी असूनही खरबूज मरत नव्हतं, कारण शोधलं तर त्याच जातीची पण रोग न करणारी फ्युझेरियम तिथे ठाण मांडून बसलेली. त्याच मातीतून एफओ-४७ हा स्ट्रेन, म्हणजे त्या जातीतला एक वेगळा वंश, निघाला. कोनिओथायरियम मिनिटन्स ही बुरशी तर स्क्लेरोटिनिया या पीक कुजवणाऱ्या बुरशीचे ते काळे दाणे, जे जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतात, तेच पोखरून खाते. भुरीवर जगणारी अँपेलोमायसिस आहे. एवढं सगळं काम माणसांनी करून ठेवलंय आणि आमच्या हातात येतं काय, तर पांढरी पावडर, जिच्यात काही जिवंत आहे की नाही हे कोणीच सांगत नाही.

तक्रारदार म्हणून मी काय केलं तेही सांगते. जुन्या लॉटचं अर्धं पाकीट माझ्याकडे थंड जागेत राहिलं होतं. दोन स्वच्छ बरण्या घेतल्या, दोन्हींत शिजवून गार केलेले, पाणी निथळलेले धान्याचे दाणे, एकीत जुन्या पाकिटातली चिमूट, दुसरीत नव्या. तोंडाला स्वच्छ कापूस, सावलीत ठेवल्या. जुन्या बरणीत तिसऱ्या दिवशी दाण्यांवर पांढरी कापसासारखी जाळी आली, पाचव्या दिवशी जागोजागी गडद हिरवी झाली आणि कापूस काढला की ओल्या नारळासारखा वास. ज्यांनी ट्रायकोडर्मा वाढवलीय त्यांना हा वास लगेच कळेल. नव्या बरणीत पाच दिवस काहीच नाही, मग दाणे चिकट झाले, आंबूस वास सुटला आणि एका कोपऱ्यात काळी बुरशी आली. दोन्हींचे फोटो, लॉट नंबर, तारखा, सगळं पाठवलं. दोन बरण्या म्हणजे प्रयोगशाळा नव्हे हे मलाही कळतं, हिरवं दिसलं म्हणजे ट्रायकोडर्माच असंही नसतं. म्हणून तर म्हणत होते की तुम्ही तपासा. तपासून "जिवंत आहे" असं आलं असतं तर मी माफी मागून गप्प बसले असते.

आता तक्रारी.

पहिली, आणि सगळ्यात मोठी. तुम्ही जीव विकताय आणि त्याला खडूच्या पावडरीसारखं वागवताय. टाल्कमध्ये, म्हणजे शंखजिऱ्याच्या पावडरीत, मिसळलेले स्पोअर महिन्यागणिक मरत जातात आणि उष्णतेत तर फारच भराभर. ही बुरशी साधारण २५ ते ३० अंशांत सुखाने वाढते, आणि तिची खोकी उन्हात उभ्या गाडीत, पत्र्याखालच्या गोदामात, दुकानाच्या काचेमागे ऊन येणाऱ्या फळीवर महिनोन्महिने पडून असतात. मी स्वतः एका दुकानात गरम झालेलं पाकीट हातात घेतलंय, हाताला चटका जाणवेल इतकं गरम, आणि त्याच पाकिटावर छापलेलं होतं, "थंड व कोरड्या जागी ठेवा". कोणी ठेवायचं? कारखान्यातून निघाल्यावर ते पाकीट कोणाच्या जबाबदारीत असतं? हे मी चौघांना विचारलं आणि चौघांनी वेगवेगळं सांगितलं.

त्याला जोडूनच आकड्याचं. पाकिटावर सीएफयू लिहिलेला असतो, म्हणजे एका ग्रॅममधून किती जिवंत वसाहती उगवतील तो आकडा. पण तो भरण्याच्या दिवशीचा की मुदत संपायच्या दिवशीचा? लेबल याबद्दल एक शब्द बोलत नाही. समजा भरताना ग्रॅमला १ कोटी होते आणि वाटेत शंभरातले नव्व्याण्णव मेले, तर माझ्या हातात १ लाख आले आणि पाकिटावर अजून १ कोटीच. आणखी एक गोम आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते, सूक्ष्मदर्शकाखाली नुसते स्पोअर मोजले तर मेलेलेही मोजले जातात, उगवून बघितले तरच जिवंत किती ते कळतं. "स्पोअर काउंट" आणि "सीएफयू" हे दोन शब्द लेबलवर एकमेकांच्या जागी वापरले जातात, ते आधी थांबवा.

दुसरी तक्रार नावाची. "ट्रायकोडर्मा" एवढंच लिहून भागत नाही. या कुळात आता ३०० च्या वर जाती नोंदलेल्या आहेत, आणि एकाच जातीतले दोन स्ट्रेन सुद्धा सारखे नसतात, एक मुळाला घट्ट धरतो, दुसरा नुसता मातीत फिरतो. ज्यांनी हे मनापासून केलं त्यांची उत्पादनं स्ट्रेनच्या नंबराने ओळखली जातात. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गॅरी हार्मन यांनी दोन स्ट्रेनच्या पेशी जुळवून टी-२२ तयार केला, तो मुळांवर टिकतो म्हणून. इस्राएलमधला टी-३९ द्राक्षावरच्या, टोमॅटोवरच्या राखाडी बुरशीसाठी. तुमच्या पाकिटात कोणता नंबर आहे? कुठल्या मातीतून काढला, कुठल्या रोगावर, कुठल्या पिकावर तपासला? बऱ्याच ठिकाणी विरिडी या जातीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बुरशा तपासल्यावर दुसऱ्याच जातीच्या, बहुतेकदा अॅस्परेलम, निघाल्यात. जुन्या नावांचा गोंधळ आहे हे मान्य, स्वतः टी-२२ला सुद्धा आधी हार्झियानम म्हणायचे आणि आता अॅफ्रोहार्झियानम म्हणतात. नाव बदललं तरी नंबर तोच राहतो ना, म्हणून तर नंबर मागतेय. आणि हे नुसतं पुस्तकी नाहीये, याच कुळातली अॅग्रेसिव्हम नावाची जात १९८० च्या दशकात आयर्लंड-ब्रिटनमध्ये आणि मग उत्तर अमेरिकेत अळिंबीच्या शेडच्या शेड हिरव्या करून बसली होती. अळिंबीवाल्याच्या बांधाला लागून काम करणाऱ्याला पाकिटात नेमकं काय आहे हे कळायला नको का?

तिसरी तक्रार सल्लागारांची, आणि ही मी जरा कळवळून लिहितेय कारण तुमच्याकडून आम्ही शिकलो. एकाच पत्रकात वर लिहिलेलं असतं बियाण्याला कार्बेन्डाझिम हे रासायनिक बुरशीनाशक चोळा, आणि खाली दोन ओळींनंतर ट्रायकोडर्मा चोळा. अहो, कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्माला मारतं! आणि रोपं कोलमडायला जे मोठं कारण असतं ते पिथियम, त्यावर कार्बेन्डाझिमचा उपयोगच होत नाही, कारण पिथियम ही खरी बुरशी नाहीच, तिच्या कुळाची घडण वेगळी आहे. म्हणजे राखणदार मारला आणि चोर मोकळा सोडला. उलट मेटॅलॅक्झिल हे दुसरं औषध पिथियमवर चालतं आणि ट्रायकोडर्माला फारसं काही करत नाही. कोणतं औषध कोणत्या बुरशीसोबत चालतं, किती दिवसांचं अंतर ठेवायचं, याचा एक साधा तक्ता पाकिटाच्या मागे छापायला किती जागा लागते? आम्ही रासायनिक औषध पूर्ण बंद करणारे लोक नाही, आम्हाला दोन्ही शहाणपणाने वापरायचंय. आणि "वापरण्यात चूक झाली असावी" म्हणणाऱ्यांनी आधी हे पत्रक वाचावं, चूक तिथे छापलेली आहे.

खोट्या आशेबद्दल थोडक्यात लिहिते. ट्रायकोडर्मा आधीचं काम करते. रोप झोपल्यावर वर ओतून ते उभं राहत नाही, पण विकताना "रोग आला तरी आळवणी करा" असं बिनधास्त सांगितलं जातं. कोनिओथायरियम तर पीक लावायच्या काही महिने आधी मातीत जायला हवी, तिला ते काळे दाणे शोधून खायला वेळ लागतो. कोरड्या, सेंद्रिय खत नसलेल्या, भर उन्हात तापलेल्या मातीवर पावडर फेकली तर त्यातून काय उगवणार? चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, सावलीत ओलसर ठेवून, मग संध्याकाळी टाकली तर गोष्ट वेगळी. हे विकणाऱ्याला माहीत नसेल तर त्याने विकू नये, आणि माहीत असून सांगत नसेल तर मग माझ्याकडे शब्द नाहीत.

मायकोरायझावाल्यांनो, तुम्ही पण आहात यात. मुळांबरोबर राहणारी ही बुरशी जगातल्या बहुतेक झाडांशी जोडी जमवते, स्फुरद आणि पाणी आणून देते, मुळांच्या काही रोगांना आडवी येते, सगळं खरं. पण माझ्यासमोर जे पाकीट आहे त्याच्यावर कोबीचा मोठा हिरवा गड्डा छापलाय. कोबी, फ्लॉवर, मोहरी, मुळा हे सगळं कुटुंब या बुरशीशी जोडी करतच नाही! बीट आणि पालकही जवळपास तसेच. कोबीची रोपं मी पण करते आणि कोबीवाला शेतकरी येऊन विचारतो "हे टाकू का", तेव्हा कंपनीच्या चित्राविरुद्ध माझं कोण ऐकणार? शिवाय स्फुरद भरपूर टाकलेल्या जमिनीत ही जोडी सैल पडते, हेही पाकिटावर नाही. आणि ते "सात जिवाणू, पाच बुरशा, एकाच पाकिटात" प्रकरण, त्यातले काही एकमेकांनाच दाबतात. एकत्र ठेवून सहा महिन्यांनी त्यातलं कोण जिवंत राहिलं हे तपासून दाखवा आणि मग खुशाल विका.

शेवटची तक्रार तपासणाऱ्यांकडे. परवाना देताना एकदा कागद बघितले जातात, त्या वेळचा नमुना छानच असणार, कोण वाईट नमुना देईल? पण दुकानाच्या फळीवरचं, मुदत संपायला दोन महिने राहिलेलं पाकीट उचलून कोण उगवून बघतं? माझी तक्रार ज्या टेबलावर बंद झाली तिथे एक पाकीट आणि एक पेट्री डिश, म्हणजे बुरशी उगवून बघायची चपटी बशी, एवढंच लागलं असतं, तीन-चार दिवसांत ट्रायकोडर्मा पूर्ण डिश भरते, इतक्या लवकर उत्तर मिळतं. प्रामाणिकपणे काम करणारे उत्पादक आहेत, मी त्यांच्याच जिवावर ११ वर्षं काढली, आणि न तपासण्याचा सगळ्यात मोठा फटका त्यांनाच बसतोय. एक मेलेलं पाकीट दहा जणांना परत जुन्या सवयीकडे पाठवतं आणि ते दहा जण पुन्हा येत नाहीत.

मला काय हवंय ते साधं आहे.

मुदत संपायच्या दिवशी किती सीएफयू जिवंत असतील तो आकडा पाकिटावर द्या, भरतानाचा नको. जातीचं पूर्ण नाव आणि स्ट्रेनचा नंबर द्या. कुठल्या रोगावर, कुठल्या पिकावर तपासलंय तेवढंच लिहा आणि जिथे चाललं नाही तेही लिहा, आम्ही त्याने पळून जाणार नाही, उलट विश्वास बसेल. कोणत्या औषधांसोबत चालते, कोणत्या नाही, किती दिवसांचं अंतर, हे मागे छापा. कोबीचं चित्र काढून टाका.

गाडीत आणि गोदामात किती तापमान होतं हे कळायची काहीतरी सोय करा, उष्णतेने रंग बदलणारं साधं लेबल पण चालेल. जो दुकानदार सावली आणि गारवा देऊ शकत नाही त्याच्याकडे हा माल देऊ नका.

नमुने दुकानातून उचला, न सांगता, आणि निकाल लॉट नंबरसकट सगळ्यांना दिसतील असे जाहीर करा. तक्रार आली की तो लॉट उगवून बघितल्याशिवाय ती बंद करायची नाही, हा नियमच करा.

सल्लागारांनी पत्रकं एकदा बसून नीट वाचावीत आणि एकमेकांना मारणाऱ्या शिफारशी वेगळ्या कराव्यात. ते काम एका दुपारचं आहे, मी पण येऊन बसायला तयार आहे.

नुकसानभरपाई मागत नाहीये, ते गेलं. मला माझी तक्रार परत उघडून हवीये. नव्या लॉटची दोन न फोडलेली पाकिटं आणि जुन्याचं उरलेलं अर्धं, तिन्ही मी थंड जागेत ठेवलीत, त्यांच्यावर तारखा घातल्यात. दोन्ही बरण्याही कापूस लावून तशाच फळीवर आहेत, एक गडद हिरवी आणि एक काळपट. कोणीही या, कधीही या, फोन न करता आलात तरी चालेल, सकाळी सातपासून मी ट्रेपाशीच असते.

तुमची,
एक रोपवाटिकावाली